होड्यांना हाक मारणारी

ही फार जुनी गोष्ट आहे, समुद्राला अजून नाव पडायचं होतं तेव्हाची. एका किनाऱ्यावर कोळ्यांचं गाव होतं. तिथे संध्याकाळ फार वेळ रेंगाळायची. पाण्यात खडक इतके होते की होडीला एकटीने परत येणं जमत नसे. म्हणून दिवस कलला की एक मुलगी कड्यावर उभी राही आणि एकेका होडीला हाक मारून वाट सांगे, "डावीकडे घ्या! आता सरळ या!" तिला सगळे हाकारी म्हणत.

हाकारीचा आवाज शंखासारखा होता, पण तिला लांबचं दिसेनासं झालं. होड्या तिला पाण्यात विरघळल्यासारख्या दिसत. एकदा तिच्या सख्ख्या भावाचीच होडी तिच्या हाकेवर खडकाला घासली. तो थोडक्यात वाचला. दुसरीला उभं करावं, तर खडकांची वाट हिच्याखेरीज कुणालाच तोंडपाठ नव्हती.

गावात भिंगं घासणारा एक म्हातारा होता. त्याचं भिंग मध्ये फुगीर आणि कडेला पातळ. त्यातून तांदळाचा दाणा बोराएवढा दिसे, आणि स्वारी त्यावर भारी खूश असे! त्याने ते हाकारीला दिलं. तिला तळहाताच्या रेषा नद्यांएवढ्या दिसल्या, पण समुद्र जास्तच पुसट झाला.

"मग आणखी फुगीर करू," म्हातारा म्हणाला. केलं. समुद्र उरलाच नाही. आणखी केलं. आता भिंगाचा पार मोदक झाला.

हाकारी रडवेली झाली. "आजोबा, मला मोठं नको हो. मला लांबचं हवंय."

म्हातारा ओशाळला. हे त्याने तिला विचारलंच नव्हतं. त्याने भिंग उन्हात धरलं. ऊन आत वळलं आणि वाळूवर एवढंसं टिंब होऊन बसलं. तो बराच वेळ त्या टिंबाकडे बघत राहिला.

"पोरी, तुझ्या डोळ्यात उजेड आधीच घाईने गोळा होत असणार. मी त्याला आणखी घाई करत होतो."

मग त्याने आयुष्यात पहिल्यांदा पोट खपाटीला गेलेलं भिंग घासलं, मध्ये पातळ, कडेला जाड. त्यातून ऊन हळूच बाहेर वळलं आणि वाळूवर पसरलं. लोकांनी त्यातून पाहिलं आणि ते खो खो हसले. "अहो, यात होडी मुंगीएवढी दिसते! म्हाताऱ्याला चळ लागला."

त्या संध्याकाळी समुद्राला उधाण आलं होतं. हाकारीने कड्यावर जाऊन ते भिंग डोळ्यापुढे धरलं. तिला शिडं दिसली, शिडांवरची ठिगळं दिसली, भावाचं लाल मुंडासंही दिसलं.

"लहान दिसतायत, आजोबा," ती म्हणाली, "पण दिसतायत!"

आणि तिने हाक दिली. उजेड मावळायच्या आत सगळ्या होड्या वाळूला लागल्या.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, आपल्याला जे उत्तम वाटतं ते देण्याआधी समोरच्याला काय हवंय ते विचारावं.