बांगडीच्या काचेचे दिवे

गोजराबाई कुंभारणीच्या घरी, देवाच्या कोनाड्यात, कुंकवाच्या रिकाम्या करंड्याखाली एक पत्र दोन दिवाळ्या पडून होते. त्या पत्राला उत्तर गेले नव्हते. ही गोष्ट गावात दोघांनाच ठाऊक होती. एक खुद्द गोजराबाई, आणि दुसरे श्री निवांतनाथ महाराज. महाराजांना ती कोणी सांगितली नव्हती.

त्या काळी महाराजांचा मुक्काम खापरवडे गावी होता. घाटाच्या पायथ्याशी नदी वळण घेते, त्या वळणावर हे गाव. वरच्या अंगाला पेठ आणि मठ, खालच्या अंगाला कुंभारवाडा. मठात महाराजांसाठी स्वतंत्र खोली होती, गादी होती, लोड होते. पण महाराज पाहावेत तेव्हा कुंभारवाड्यातल्या उंबराखाली, भट्टीच्या राखेच्या ढिगाला टेकून बसलेले. अंगावर एक लंगोटी आणि खांद्यावर पंचा. पुढ्यात खापराचा तुकडा, कोणी भाकरी दिली तर ती त्यातच घ्यायची. "महाराज, मठात चला," असे कोणी म्हटले, की म्हणत, "इथं ऊब असते रे."

त्या उंबरासमोरच गोजराबाईचे घर होते. नवरा गेल्यापासून घरातले चाक भिंतीला टेकवून ठेवले होते, कारण बाईमाणसाने चाक फिरवू नये अशी त्यांच्या जातीची रीत. मग तिने हातानेच घडवायला घेतले. मातीचा गोळा मांडीवर घ्यायचा, आतून अंगठा, बाहेरून लाकडी थापटी. दिवे, पणत्या, लहान कुंड्या. ओबडधोबड म्हणावे तर तसे नाही, आणि एकसारखे म्हणावे तर तसेही नाही. प्रत्येक दिवा जणू वेगळ्या माणसाचा चेहरा घेऊन येई.

पण तिच्या कामाचे खरे नवल होते काचेत. गावच्या बायका फुटक्या बांगड्या तिच्याकडे आणून देत. ती काच गोजराबाई जात्यावर दळी, फडक्यातून गाळी, डिंकाच्या पाण्यात कालवून दिव्याच्या आतल्या बाजूला लावी आणि भट्टीत घाली. काच वितळून मातीला धरून बसे. मग वात लावली, की त्या दिव्याच्या पोटात हिरवे, तांबडे, निळे पाणी भरल्यासारखे दिसे.

आणि एक गोष्ट होती, जी लोक दबल्या आवाजात बोलत. नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या फोडतात, ती काच कोणी घरात ठेवत नाही, नदीच्या डोहात टाकतात. गोजराबाई तीही मागून घेई. "तिनं काय पाप केलंय?" एवढेच म्हणे.

दोन वर्षांपूर्वी संस्थानचे एक अधिकारी घाट उतरून जाताना कुंभारवाड्यात पाणी प्यायला थांबले होते. त्यांनी तिचा एक दिवा पाहिला, आणि महिन्याभरात राजधानीहून पत्र आले. गोजराबाईला अक्षर येत नव्हते. ती पत्र घेऊन पेठेत गंगाधरशेटांच्या दुकानी गेली. शेटांचे बांगड्यांचे आणि विलायती काचसामानाचे मोठे दुकान होते. मठातली झुंबरे, हंड्या, सगळे त्यांनीच वाहिलेले. त्यांनी चष्मा लावून चारचौघांत पत्र वाचले. राणीसाहेब दरवर्षी हातकामाचे प्रदर्शन भरवतात, आपण आपले काचेचे दिवे घेऊन यावे, या वर्षी न जमल्यास पुढे केव्हाही, येणार असल्यास कळवावे.

वाचून झाल्यावर शेट असे हसले, की चष्मा नाकावरून घसरला.

"ऐकलंत का मंडळी? डोहात टाकायची काच आता राणीसाहेबांच्या दिवाणखान्यात! अगं गोजरे, तिथं विलायतेहून सामान येतं. तुझी ती वाकडी बोळकी मांडून बसलीस, तर शिपाई पाणी प्यायचं भांडं म्हणून उचलून नेतील."

दुकानातली माणसे हसली. गोजराबाईनेही हसल्यासारखे केले, पत्राची घडी घातली आणि घरी आली. उत्तर लिहून घ्यायला मग ती कोणाकडेच गेली नाही.

महाराज मात्र येता-जाता विचारत, "गोजरे, उत्तर धाडलंस का?"

"न्हाई, म्हाराज."

"बरं. धाडशील."

असे होता होता मठाच्या मूळ पुरुषाच्या समाधीचा उत्सव जवळ आला. माघातले दिवस, वारा बोचरा. एके सकाळी महाराज गोजराबाईला म्हणाले, "यंदा उत्सवाला तुझे दिवे. सभामंडपात ओळीनं मांड. लोकांना बघू दे."

गोजराबाईच्या हातातली थापटी खाली पडली. "म्हाराज, तिथं शेटजींची झुंबरं हायेत."

"झुंबरं वर आहेत. तू खाली मांड."

त्या दिवसापासून तिला दुसरे काही सुचेना. गावभरच्या बायका काच घेऊन आल्या. एका तिन्हीसांजेला, डोक्यावरून पदर पुढे ओढून, एक तरुण बाई परसदारी आली आणि एक पुरचुंडी तिच्या हातात देऊन न बोलता निघून गेली. पुरचुंडीत हिरव्या काचेचे तुकडे होते, आत सोनेरी ठिपके. गोजराबाईने तिला ओळखले, पण नाव कोणाजवळ काढले नाही. मग तिने स्वतःच्या ट्रंकेच्या तळातूनही एक पुरचुंडी काढली. इतकी वर्षे इतरांची काच दळली, आपली मात्र तिच्याने दळवली नव्हती. तीही आता जात्यात घातली.

दिवे वाळले, काच लागली, भट्टी रचली, तोंड विटा-मातीने लिंपले. रात्रभर जाळ झाला. आता विटा हाताला गार लागेपर्यंत भट्टीला शिवायचे नव्हते. तापल्या काचेला गार वारा लागला, की ती तडकते आणि मातीलाही घेऊन जाते. हे कुंभारवाड्यातले पोरसुद्धा जाणते. उत्सव दुसऱ्या दिवशी होता.

दुपारी गंगाधरशेट कुंभारवाड्यात आले. बरोबर मठाचे दोन पंच. शेटांचा चेहरा लाल झाला होता.

"कुठाय ती गोजरा? विधवांच्या बांगड्या समाधीपुढं लावणार म्हणे! गावावर काय आणायचं ठरवलंयस तू?"

"शेट, म्हाराजांनी सांगितलं म्हून..."

"महाराज भोळे आहेत. त्यांना काय कळतंय, आत काय घातलंयस ते! पंच मंडळी, आत्ता तुमच्या डोळ्यांनीच बघा."

"शेट, हात जोडते, आज उघडू नका. उद्या सकाळी बघा, मग फोडून टाका हवं तर. आत्ता वारा आत गेला तर सगळं जाईल!"

"जाऊ दे की," शेट म्हणाले, आणि हातातल्या काठीने त्यांनी भट्टीच्या तोंडच्या विटा ढकलल्या.

लिंपण ढासळले. आतली लाल धग दिसली. नदीवरून आलेला वारा सरळ त्या भगदाडात शिरला, आणि आतून आवाज आला.

टंग!

गोजराबाई किंचाळली. पदर पुढे धरून ती भट्टीकडे धावली, पण त्या धगीपुढे पदराचा काय पाड! शेजारणीने तिला मागे ओढले. ती जमिनीवर बसली आणि कानांवर हात ठेवले. पुढचा आवाज तिला ऐकायचा नव्हता.

तेवढ्यात उंबराखालून महाराज उठले. घाई नाही, गडबड नाही. जांभई देत आले, खांद्यावरचा पंचा गोजराबाईच्या अंगावर टाकला, आणि त्या भगदाडाला उघडी पाठ लावून मांडी घालून बसले.

लोक ओरडले, "महाराज! भाजेल!"

"थंडी फार आहे," महाराज म्हणाले, "जरा पाठ शेकतो. गोजरे, घरात ताक आहे का गं?"

काय ती लीला! ज्या धगीजवळ हातभर अंतरावर माणसाच्या भुवया होरपळाव्यात, तिथे महाराज शेकोटीला बसल्यासारखे बसले. गोजराबाईने ताक आणले. महाराज निवांत घोट घेऊ लागले.

शेट प्रथम हसले. "आतला जाळ विझत आलाय, एवढंच." मग खात्री करायला ते पुढे झाले, महाराजांच्या खांद्याजवळून त्यांनी हात नेला, आणि चटका बसून मागे घेतला. त्याच वेळी त्यांना तो आवाज ऐकू आला.

टंग... टंग...

फार बारीक. दूर कुठेतरी कोणी नखाने काच वाजवावी तसा. शेटांनी कान दिला. आवाज भट्टीतून येत नव्हता. तो महाराजांच्या पाठीतून येत होता.

आणि प्रत्येक आवाजाला महाराजांचे डोळे किंचित मिटत होते, इतकेच.

शेटांच्या हातातली काठी केव्हा गळून पडली, ते त्यांचे त्यांनाही कळले नाही. ते तिथेच, धुळीत बसले. पंच घरी गेले, ऊन उतरले, दिवेलागण झाली. महाराज हलले नाहीत, आणि शेटही उठले नाहीत. गोजराबाई अधूनमधून येऊन भट्टीच्या विटेला हात लावून पाही आणि मागे जाऊन बसे.

सूर्य उगवला तेव्हा वीट गार झाली होती. महाराज गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि पाठमोरे झाले. पाठीवर भाजल्याची खूण नव्हती, फोड नव्हता, रक्ताचा थेंब नव्हता. होते ते फक्त रेषांचे जाळे. केसासारख्या बारीक, हिरवट रेषा, मानेपासून कमरेपर्यंत एकीत एक गुंतलेल्या. तडकलेल्या काचेवर दिसतात, अगदी तशा.

दिव्यांच्या अंगावर उमटायचे ते सारे त्यांनी आपल्या अंगावर घेतले होते!

"काढ आता," महाराज म्हणाले.

गोजराबाईने एकेक दिवा बाहेर काढला. सगळे अखंड. फक्त पुढचा एक, पहिल्या आवाजाचा, काठापासून बुडापर्यंत तडकलेला. तो तिने पदराआड केला. तिच्या स्वतःच्या बांगड्यांचा होता तो.

महाराजांनी हात पुढे केला. "तो इकडं आण. आमचं खापर जुनं झालंय."

आणि त्या दिवसापासून देह ठेवीपर्यंत महाराज त्याच दिव्यात भाकरी घेत असत.

सभामंडपात दिवे मांडले. वर शेटांची झुंबरे, खाली गोजराबाईच्या दिव्यांची रांग. वाती लागल्या, आणि समाधीच्या पांढऱ्या दगडावर रंगांची लाट आली. महाराज म्हणाले, "शेट, पहिला दिवा तुम्ही उचला. समाधीपुढं ठेवा."

शेटांनी दिवा उचलला आणि ते थबकले. आत हिरवी काच होती, तिच्यात सोनेरी ठिपके. असल्या बांगड्यांची एकच पेटी त्यांच्या दुकानी आली होती. ती त्यांनी विकली नव्हती. लेकीच्या लग्नात स्वतःच्या हाताने त्यांनी त्या तिच्या हातात भरल्या होत्या, आणि वर्षामागे, जावई गेला त्या दिवशी, त्यांच्याच ओसरीवर त्या फोडल्या गेल्या होत्या.

"ही... ही काच कुठून आली?"

गर्दीच्या मागून, खांबाआडून उत्तर आले. "मी दिली, आबा."

त्यांची लेक मनकर्णा. वर्षभर तिने उंबरठा ओलांडला नव्हता, निदान शेटांना तसे वाटत होते.

"डोहात टाकवेना," ती म्हणाली. "तुम्ही भरल्या होत्या ना."

शेट दिवा घेऊन उभे राहिले. त्यांच्या दाढीवर हिरवा उजेड पडला होता आणि त्यातून पाणी ओघळत होते. ते पुढे झाले, दिवा समाधीपुढे ठेवला, तिथून वळले आणि महाराजांच्या पायांवर पडले. "महाराज, मी तुमच्या पाठीत काठी घातली."

"माझ्या कुठं? गोजरेच्या भट्टीत घातलीत," महाराज म्हणाले. "तिकडं जा."

गंगाधरशेट उठले आणि साऱ्या गावादेखत गोजराबाईपुढे वाकले. ती गोंधळून मागे सरली. "अवो शेट, हे काय करताय, उठा की!" असे म्हणताना तिलाही रडू आवरेना.

तेव्हा महाराजांनी नेहमीच्या सहज सुरात विचारले, "गोजरे, उत्तर धाडलंस का?"

"न्हाई, म्हाराज. आता दोन वर्सांनी कोण वाट बघतंय?"

"त्यांनी लिहिलंय ना, पुढे केव्हाही?"

तिथेच, दिव्यांच्या उजेडात, मनकर्णेने कागद मांडीवर घेतला. गोजराबाई सांगू लागली, "लिही, येते म्हणून. दिवे घेऊन येते. उशीर झाला, त्याची माफी आसावी." मग म्हणाली, "आन् लिही, काच कुणाची हाय ते विचारलं, तर सांगीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगाधरशेट ते पत्र घेऊन घाटावरच्या डाकघरी स्वतः चालत गेले. बैलगाडी जोडलेली असून घेतली नाही. लाल पेटीत पत्र टाकले, आत पडल्याचा आवाज नीट ऐकला, तरी समाधान होईना म्हणून फटीला डोळा लावून पाहिले. मग आजूबाजूला कोणी आहे की नाही हेही न बघता त्यांनी पायातला जोडा काढला, आणि त्या पेटीला वाकून नमस्कार केला.