ओहोळापलीकडचा मांडव

ही हकिगत मला नीट आठवते की नाही, याची आता मला खात्री देता येत नाही. माझ्या बायजीआत्याने ती सांगितली तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा होतो. पुढे तीस-बत्तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले आणि त्याच्या दुप्पट वर्षे ही गोष्ट मनात घोळवली. एवढ्या घोळवण्यात माझे काही तिच्यात मिसळले नसेल, असे मी म्हणणार नाही. आत्या मांडवाचे अकरा खांब म्हणायची असे वाटते. झाडे मात्र नऊच आहेत; ती मी मोजली आहेत.

पाचुंब्याला येणाऱ्याला ही झाडे आधी दिसतात. गावाच्या कडेने एक ओहोळ खाडीला जातो. त्याच्या अलीकडे देऊळ आणि घरे, पलीकडे मोकळे रान, रानाच्या टोकाला चर्च. त्या रानात नऊ पांगारे उभे आहेत, तीन-तीनच्या तीन ओळींत, सारख्या अंतरावर. रान असे ओळीत उगवत नाही. हे माणसाचे काम आहे.

फिरंग्यांच्या अंमलातली गोष्ट, असे सांगतात. गावातल्या निम्म्या घरांनी तेव्हा धर्म बदलला होता. कोणी भीतीने, कोणी लोभाने, कोणी कशाने ते आता कोणालाच ठाऊक नाही. राघो नावाचा एक शेतकरी बाप्तिस्मा घेऊन पास्कू झाला. त्याची बहीण जाई कमळोजीच्या घरी दिलेली, ती हिंदूच राहिली. जाईची मुलगी मथी सहा-सात वर्षांची असताना जाई तापाने गेली. जाताना भावाला म्हणाली, "पोरीच्या लग्नात पाठीशी तूच उभा राहा." पास्कूने शब्द दिला.

आमच्याकडे नवरीला मामा हाताला धरून बोहल्यावर आणतो आणि मंगलाष्टके संपेपर्यंत तिच्या मागे उभा राहतो. मामाची तेवढी जागा दुसरे कोणी घेत नाही.

मथीचे लग्न ठरले. नवऱ्याकडचे कारभारी दाजीबा नावाचे गृहस्थ होते. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितले, "बाटलेला माणूस मांडवात नको." गणभटजींनी मान डोलावली. तिकडे पाद्रीनेही चर्चमध्ये जाहीर केले की जो कोणी मूर्तिपूजकांच्या लग्नात उभा राहील, त्याला शिक्षा होईल. देव दोघांचे वेगळे, अक्कल मात्र दोघांनी एकाच दुकानातून आणलेली. त्याआधीच्या साली पास्कूच्या मुलाचे लग्न झाले, तेव्हा याच पाद्रीने मथीला चर्चच्या दारातून हुसकले होते; तिने मामेभावाचे लग्न दाराच्या फटीतून पाहिले, म्हणे.

कमळोजी भला, पण घाबरट माणूस. त्याने सोयऱ्यांना दुखवले नाही, पाद्रीला दुखवले नाही, म्हणून मेहुण्यालाच सांगितले, "पास्कूभाऊ, तू ओहोळापलीकडे बस. तिथनंच आशीर्वाद दे."

यात एक गोष्ट सगळे विसरले. पाचुंब्यात मांडव घालायची हातोटी एकट्या पास्कूलाच होती. दोन्ही धर्मांचे मांडव तोच घाली. आठवडाभर आधी कमळोजीनेच त्याला बोलावून मांडव घालून घेतला होता. पांगाऱ्याचे ओले खांब त्याने तोडून आणले, पुरले. माडाचे झाप त्याने विणले. बोहल्याची माती त्याने तुडवली. नवरानवरीचे पाट त्याने तासले. त्या आठ दिवसांत कोणाचा धर्म बुडाला नव्हता. काम होईपर्यंत माणसाला धर्म नसतो, काम झाल्यावर चिकटतो.

लग्नाच्या दिवशी, वैशाखातल्या उन्हात, हळदीच्या अंगाने मथी दारात आली आणि उंबऱ्यावर थांबली.

"मामा कुठंय?"

"पलीकडं हाय. चल, मुहूर्त टळंल," कमळोजी म्हणाला.

"त्याचा हात चालत नाही ना? मग त्याच्या हाताचं समदं काढा. तोवर मी पाय टाकणार नाही."

गणभटजींना हसू आले. ते म्हणाले, "पोरी, खांबांवर गोमूत्र शिंपडलंय. ते शुद्ध झाले."

"मग तेच मामावर शिंपडा."

"लाकूड शुद्ध होतं, माणूस होत नाही."

"म्हंजे माझा मामा लाकडाहून हलका," मथी म्हणाली. "मग त्याचं लाकूड तरी कशाला ठेवता?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. ते हसू दाजीबांना झोंबले. भटजींपेक्षा आपण कडक आहोत हे दाखवायची त्यांना हौस होती. ते ओरडले, "उपटा रे खांब! आम्ही काय मांडवावाचून मरतोय?"

मग त्या शहाण्या माणसांनी आपल्या हातांनी मांडव मोडला. झाप ओढून काढले, खांब उपटले. मथी दारातून एकेक वस्तू दाखवत होती. पाट? मामाचे. गेले. तोरण? मामाने बांधलेले. गेले. बोहले? तेही फोडले. विटाळ नको म्हणून सगळे ओहोळापलीकडे फेकले. शेवटी अंगणात उघडे ऊन आणि त्यात उभे राहिलेले दोन्हीकडचे शुद्ध लोक एवढेच उरले. दाजीबांनी डोक्यावर उपरणे घेतले. भटजींनी पोथी घेतली.

पलीकडे पास्कू बसला होता. समोर येऊन पडणाऱ्या खांबांकडे तो थोडा वेळ पाहत राहिला. मग उठला, खड्डे खणले आणि एकेक खांब पुरू लागला. रागाने नव्हे, पडलेला खांब त्याला पाहवत नसे, असे आत्या सांगायची. वर झाप टाकले, पाट मांडले. दोन प्रहर उलटायच्या आत ओहोळापलीकडे मांडव उभा राहिला, आणि साऱ्या वऱ्हाडाला पुरेल अशी सावली पाचुंब्यात तेवढीच होती.

आधी लेकुरवाळ्या बायका ओहोळ ओलांडून गेल्या. मग म्हातारे गेले. मग नवरा, त्याला घेरी येत होती. उरलेल्यांनी भटजींकडे पाहिले. भटजींनी घाम पुसला आणि निर्णय दिला की ओहोळापलीकडे गावची शीव संपते, तेव्हा हा नियम तिथे लागू होत नाही. शास्त्राला एवढी मोठी पळवाट असल्याचे सकाळी कोणाला ठाऊक नव्हते. दाजीबा सर्वांत शेवटी गेले आणि सर्वांत पुढे जाऊन बसले.

मथी एकटीच पाण्यात उतरली. पलीकडच्या काठावर पास्कूने हात पुढे केला. म्हणाला, "पाद्री बघतोय गो." ती म्हणाली, "बघू दे. मी पण बघितलंवतं की फटीतनं." अंतरपाट दूर होईपर्यंत तो तिच्या मागे उभा होता.

पावसाळ्यात त्या खांबांना पालवी फुटली, म्हणे. लोक याला चमत्कार म्हणतात. पांगाऱ्याची ओली फांदी पुरली की रुजते, कुंपणाला सगळेच लावतात. यात चमत्कार नाही. पांगारा एवढी वर्षे जगतही नाही. म्हणजे झाड पडले की त्याच खड्ड्यात कोणीतरी नवी फांदी पुरत आले आहे. कोण, ते गावात कोणी सांगत नाही.

आजही पाचुंब्यात कोणत्याही धर्माची नवरी आधी या नऊ झाडांखाली येते, आणि देवळात किंवा चर्चमध्ये ज्यांना मज्जाव आहे ते तिच्या मागे उभे राहतात. बाहेरचे पाहुणे येतात, फोटो काढतात. मागच्या वर्षी एक गृहस्थ डोळे पुसत मला म्हणाले, "आमच्याकडे असला भेद काही नाही हो. जावयाचे लोक परधर्माचे आहेत, पण आम्ही त्यांना फक्त विधीपुरतं बाहेर बसवतो. जेवायला आत घेतो." मी मान डोलावली. त्या डोलावण्याची मला लाज वाटते.

पास्कू खरोखर होऊन गेला का, ही शंका मला आयुष्यभर होती. सत्तरी ओलांडल्यावर चर्चची एक जुनी वही पाहायला मिळाली. पोर्तुगीज जाणणाऱ्या एका सद्‌गृहस्थाने ती वाचून दाखवली. त्यात नोंद आहे. पास्कू नावाच्या शेतकऱ्याला, मूर्तिपूजकांच्या लग्नात उभा राहिल्याबद्दल, तीन रविवार अनवाणी, हातात मेणबत्ती घेऊन चर्चच्या दाराबाहेर उभे केले. खाली त्याच अक्षरात आणखी एक ओळ आहे: तिन्ही रविवारी त्याच्या मागे परधर्माची एक नवविवाहिता उभी होती, हुसकूनही गेली नाही.