झऱ्याकाठचं गवत

"उकळत्या पाण्यातसुद्धा, बाई?"

"त्यातसुद्धा. सूक्ष्मजीव तिथं राहतात. आणि त्यांच्या मागोमाग विषाणूही तिथं पोचतात."

शर्वरीनं मांडीवरच्या बाळाला आणखी जवळ घेतलं.

कुमुदबाईंनी तिला कॉलेजात शिकवलं होतं. निवृत्तीनंतर त्या या गरम पाण्याच्या झऱ्याजवळ एकट्या राहत होत्या. वाफेपलीकडे दुसरं घर नव्हतं. शर्वरी आली होती ती त्यासाठीच.

घरात कप एकच. त्यात शर्वरीला चहा, बाई वाटीतून पीत होत्या.

"मला वाटलं, इथं काहीच पोचत नसेल. राहिलो असतो आम्ही दोघं, तो मोठा होईपर्यंत."

"घरी कोण कोण घेतं त्याला?"

"मीच."

"सासूबाई?"

"बघतात ना. व्हिडिओ कॉलवर."

"गावाला असतात?"

"नाही... शेजारच्या खोलीत."

शर्वरी हसायला गेली. जमलं नाही.

"पहिल्या बाळाला सगळ्यांनी घेतलं होतं, बाई. बारशाला. मग ताप आला, आणि..."

झरा बुडबुडत राहिला.

बाईंनी ओसरीवरच्या दोन कुंड्या पुढे ओढल्या. एकीत हिरवं गवत, दुसरीत करपलेलं.

"गवत एकच, इथलंच. दोन्ही कुंड्या झऱ्याकाठच्या तापल्या मातीत पुरल्या होत्या."

"करपलेल्याला विषाणू लागला?"

"नाही गं. या गवतात एक बुरशी राहते. त्या बुरशीत एक विषाणू. करपलेल्यातला विषाणू मी आधीच काढून टाकला होता. अगदी स्वच्छ केलं."

"आणि हिरव्यातला?"

"राहू दिला."

शर्वरी वर्गात नेहमी पहिली यायची. ती लगेच म्हणाली,

"पण सगळे विषाणू असे नसतात, बाई."

"नसतात."

"मग कुठला कसा निघेल, हे आधी कसं कळायचं?"

"नाही कळत."

"तुम्हालाही?"

"मलाही."

...

बाई उठून आत गेल्या. न्हाणीत बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. परत आल्या तेव्हा हात कोपरापर्यंत ओले होते, साबणाचा वास येत होता.

त्या शर्वरीसमोर बसल्या. दोन्ही हात पुढे केले.

शर्वरी हलली नाही.

बाईंनीही हात मागे घेतले नाहीत.

"दे त्याला... तुझा चहा गार झालाय."