टिकलीच्या घरट्यातल्या चारोळ्या

जंगलात अजून कुणीच कुंपण घातलं नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. बेहड्याच्या मोठ्या ढोलीत सगळे प्राणी मिळालेलं खाणं आणून ठेवायचे आणि भूक लागली की हवं तेवढं घेऊन जायचे. कुणी किती आणलं, कुणी किती नेलं, हे कुणी विचारायचंच नाही.

टिकली खार तिथे नवी होती. तिच्या जुन्या रानात ज्याने त्याने आपापलं दडवून ठेवायचं, अशी रीत होती. त्याच सवयीने ती ढोलीतल्या चारोळ्या गुपचूप नेऊन घरट्यात पाल्याखाली लपवायची. एकदा वाऱ्याने घरटं कलंडलं आणि सगळ्यांच्या देखत खाली चारोळ्यांचा खच पडला.

टिकलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता हाकलून देणार, म्हणून ती शेपटीत तोंड खुपसून बसली. पण म्हातारी साळूआजी हळहळली, "अगं बाई, लेकराला एवढी भूक लागते आणि आपलं लक्षच नाही!" लगेच माकडांनी जांभळं आणली, सशाने कंद आणले.

तो ढीग बघून टिकलीला रडूच फुटलं. "भूक नाही गं आजी, भीती वाटते. उद्या ढोली रिकामी झाली तर?"

साळूआजीने काटे मिटून तिला जवळ घेतलं.

"तर सगळेच उपाशी राहू. तुला एकटीला नाही राहू देणार."

टिकलीने डोळे पुसले. मग गालात अजूनही दडवलेल्या दोन चारोळ्या काढून तिने आजीपुढे ठेवल्या.