वास्तुदेवाची भिकबाळी

एका राज्यात बोललेलं खरं होत असे. ऐकायला गोड वाटतं, पण राहणाऱ्याला विचारा!

त्या राज्याच्या राजवाड्यात, देवडीच्या कोनाड्यात, वास्तुदेवाची मूर्ती होती. माणूस घरात काय बोलतं ते वास्तुदेव ऐकतो आणि ‘तथास्तु’ म्हणतो, हे तुम्हांआम्हांला ठाऊकच आहे. आपल्याकडचा मनात म्हणतो, तिथला मोठ्यानं म्हणे. पार वेशीपलीकडं आवाज जाई, आणि राज्यात कुठंही बोललेलं त्याला ऐकू येई. त्याच्या कानात सोन्याची भिकबाळी होती. टपोरे मोती, मधे लालभडक माणिक. ती कानात होती तोवर त्याला शब्दाच्या आतलं मन ऐकू येई. आई वैतागून लेकराला ‘मर मेल्या’ म्हणाली, तर तो गालात हसे आणि गप्प बसे.

पण एका सणाच्या पंगतीत धूम्रकेश जादूगाराच्या पानावर तूप वाढायचं राहून गेलं. झालं! जादूगार भरल्या पानावरून उठला, देवाच्या कानातली भिकबाळी ओरबाडली आणि धुराच्या लोटावर बसून निघून गेला. तेव्हापासून वास्तुदेवाला नुसते शब्द ऐकू येऊ लागले. शब्द पडला रे पडला की तो म्हणे, ‘तथास्तु!’

आचारी म्हणाला, ‘मेलं आज वरण शिजत नाही.’ तथास्तु! त्या दिवसापासून वाड्यात वरण शिजलं नाही. डाळ पातेल्यात उड्या मारी, पण शिजेना. सेनापती मिशीला पीळ देऊन म्हणाला, ‘शत्रू आला तर एका फुंकरीत उडवीन!’ तथास्तु! पण एवढी फुंकर पोटात मावायची कुठं? सेनापती फुगत गेला, फुगत गेला, आणि आभाळात जाऊन तरंगू लागला. लोक त्याच्याकडे बघून वारा कुठला ते ओळखत.

होता होता सगळ्यांना उमगलं. ‘माझ्याच्यानं होत नाही’ म्हणेल तो दगड, फुशारकी मारेल तो फुगा. लोक बोलेनासे झाले. बाजारात भाजीसुद्धा हातवाऱ्यांनी विकली जाऊ लागली.

राजाचं नाव उदयकेतू. त्याला एकच लेक, हेमकळा. हिची तऱ्हाच निराळी. हिच्या महालात अर्धी शिवलेली चोळी, अर्धी गुंफलेली माळ, अर्धी शिकलेली वीणा. सकाळी उठून म्हणे, ‘आजपासून मी सगळीच्या सगळी बदलणार!’ तथास्तु! हात-दोन हात वर जाई. दुपारी म्हणे, ‘माझ्याच्यानं नाही होत.’ तथास्तु! जड होऊन धपकन खाली येई. असं वर-खाली होता होता ती जमिनीवर टिकली होती, इतकंच.

एके दिवशी न्यायनिवाडा करून राजा दमला. सिंहासनावरून उठता उठता त्याच्या तोंडून गेलं, ‘आता एक पाऊलही टाकवत नाही.’

तथास्तु!

राजाचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत काळ्या दगडाचे झाले. वैद्य आले, मांत्रिक आले. दगड उतरेना. उलट राजा उसासा टाकी तेवढा दगड वर चढे. काळजाला भिडला की संपलं! हेमकळेनं बापाचे पाय कवटाळले. बोलायची सोय नव्हती, म्हणून नुसती रडली.

तेवढ्यात खिडकीत एक साळुंकी येऊन बसली. पिवळी चोच, पिवळे पाय, नजर भारी आगाऊ.

साळुंकी म्हणाली, ‘राजकन्ये, रडून दगड भिजतो, विरघळत नसतो. भिकबाळी आण.’

‘कुठं आहे ती?’

‘धूम्रकेशाच्या गुहेत. वाटेत वाढता डोंगर आहे. त्यापुढं पाऱ्याचं तळं. त्यापुढं तो स्वतः.’

हेमकळा ताडकन उभी राहिली. ‘डोंगर एका उडीत ओलांडीन! तळं एका घोटात—’

तिचे पाय भुईवरून सुटले. साळुंकीनं झेप घेऊन तिचा पदर चोचीत धरला आणि खाली ओढलं.

‘अगं बाई! सेनापतीला सोबत हवी का तुझी? ज्या बोलाला पाय आहेत तोच बोल बोलावा. बिनपायाचा बोल उडून जातो.’

हेमकळा वरमली. जरा विचार केला. म्हणाली, ‘आत्ता वेशीपर्यंत चालत जाईन.’

‘तथास्तु,’ देवडीतून आवाज आला. आणि काय नवल! ती उडालीही नाही, दगडही झाली नाही. पाय मात्र हलके झाले आणि चालू लागले.

वेशीबाहेर वाढता डोंगर उभा होता. त्याची खोड अशी, की शिखराकडे बघितलं की तो वाढे. पायथ्याशी भिकबाळी आणायला निघालेले कितीतरी राजपुत्र दगड होऊन उभे होते, सगळ्यांच्या माना वर. हेमकळेनंही वर बघितलं. डोंगर कडाकडा वाढला, शिखर ढगांत घुसलं. ‘हे काही मला...’ म्हणता म्हणता तिनं जीभ चावली.

साळुंकीनं विचारलं, ‘समोर काय दिसतं?’

‘पळसाचं झाड.’

‘तिथवर जमेल?’

‘तिथवर काय, म्हातारीसुद्धा जाईल! तिथवर जाईन.’

वाऱ्यावरून शब्द आला: तथास्तु! पळसाशी पोचली. मग म्हणाली, त्या करवंदीच्या जाळीपर्यंत जाईन. मग म्हणाली, त्या वाकड्या दगडापर्यंत. मधे काटा रुतला, तेव्हा म्हणाली, काटा काढीन. काटा काढला. पुढं एकदा तिनं जवळची खूण शोधायला मान उचलली, तर समोर खूणच दिसेना. झाड नाही, जाळी नाही, वर मोकळं आभाळ!

‘साळुंके, डोंगर गेला कुठं?’

‘तुझ्या पायाखाली आहे!’

हेमकळा शिखरावर उभी राहून अशी हसली, अशी हसली, की खालचे दगडी राजपुत्रसुद्धा दचकले असतील.

डोंगराच्या पलीकडं पाऱ्याचं तळं. चकचक चकचक! त्यात नाव बुडे, माणूस बुडे, वाळलं पानही बुडे. न बुडणारे होते फक्त अबलख घोड्याचे खूर. तो काळापांढरा घोडा काठावर चरे, आणि माणूस दिसलं की पार क्षितिजाला जाऊन उभा राही.

साळुंकी म्हणाली, ‘रोज पहाटे एक मूठ हिरवं गवत घेऊन उभी राहा. रोज तो एक पाऊल जवळ येईल.’

‘एकच पाऊल? अगं, तिकडं आबासाहेबांचा दगड चढतोय!’

‘तुझ्या घाईनं घोडा यायचा असता, तर तो आत्तापर्यंत तुझ्या मांडीवर बसला असता.’

मग हेमकळेनं रोज नेम धरला. पहाटे उठावं, दवातलं गवत खुडावं, हात पुढं करून उभं राहावं. घोडा पाऊलभर पुढं येई. ती म्हणे, ‘उद्याही एक मूठ आणीन.’ तथास्तु! दिवसामागून दिवस गेले. घोडा इतका जवळ आला, की त्याच्या डोळ्यांत हेमकळेला आपलं तोंड दिसू लागलं. आता एकच पाऊल उरलं!

त्याच दिवशी साळुंकी वाड्यावर जाऊन बातमी घेऊन आली. ‘राजकन्ये, दगड छातीला लागला.’

हेमकळेनं अंग टाकून दिलं. झाडाखाली पडून रडत राहिली. पहाट आली, पहाट गेली. गवत खुडायचं राहिलं. भरल्या डोळ्यांनी बघते तो काय, घोडा लांब, ठिपक्याएवढा!

‘संपलं,’ ती म्हणाली. ‘केलं सवरलं मातीत गेलं. माझ्याच्यानं ना...’

‘गिळ!’ साळुंकी किंचाळली. ‘गिळ तो शब्द!’

तिचे पाय आधीच काळवंडू लागले होते. हेमकळेनं डोळे मिटून शब्द गिळला. आवळ्याच्या बीसारखा तो घशातून खरवडत खाली गेला. पायांचा काळेपणा ओसरला. मग तिनं दम घेतला आणि हळूच म्हणाली, ‘आज चुकलं. उद्या येईन.’

तथास्तु!

‘आता नीट बघ,’ साळुंकी म्हणाली. ‘रडक्या डोळ्यांनी बघितलंस म्हणून ठिपका दिसला. घोडा किती मागं गेलाय?’

हेमकळेनं बघितलं. घोडा क्षितिजाला नव्हता. मागं गेला होता खरा, पण चार-सहा पावलंच. बाकीची सगळी वाट जागच्या जागी होती.

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच्या आधी उठली. पुन्हा मूठ, पुन्हा पाऊल. आणि एका सकाळी घोड्यानं आपलं ओलं नाक तिच्या तळहातात ठेवलं! हेमकळा उडी मारून पाठीवर बसली. अबलख निघाला तो थेट पाऱ्यावरून! खुरांखाली पारा फुटे, थेंबाथेंबातून सूर्य उडत, साळुंकी वरून ओरडे, ‘धर, आयाळ धर!’ आणि बघता बघता पैलतीर.

गुहेच्या दारात धूम्रकेश बसला होता. डोक्यावर केसांऐवजी धूर, हातात भिकबाळी. आतलं माणिक निखाऱ्यासारखं धगधगत होतं.

‘ये, हेमकळे,’ तो म्हणाला. ‘इथवर कोणी आलं नव्हतं. मी प्रसन्न आहे. भिकबाळी घेऊन जा.’

‘मोबदला?’

‘एक वाक्य. एवढंच म्हण: यापुढं मी कधीही चुकणार नाही. म्हटलंस की तू आयुष्यभरासाठी बदललीस. पुन्हा पळस नको, गवत नको, रडणं नको. बोल!’

हेमकळेच्या तोंडाला पाणी सुटलं. किती सुंदर वाक्य! जन्मभर ती हेच तर म्हणत आली होती. तिकडं बापाच्या काळजाशी दगड टेकलेला, इकडं हातभरावर भिकबाळी. म्हणायला कितीसा वेळ?

ती तोंड उघडणार, तोच तिला वाक्याचे पाय दिसेनात. पुढून बघितलं, मागून बघितलं. पाय नव्हतेच! वाक्याचं डोकं फुशारकीचं आणि शेपूट ‘नाही’चं. म्हटलं असतं तर वरचा अर्धा देह आभाळात आणि खालचा अर्धा दगडात!

साळुंकीनं पंख आवळले. तिची पिसं उभी राहिली.

हेमकळा म्हणाली, ‘धूम्रकेशा, माझं वाक्य माझं मी बोलेन.’

‘बोल.’

‘मी चुकेन. आणि चुकले की पुन्हा येईन.’

‘तथास्तु!’ डोंगर ओलांडून, तळं ओलांडून असा आवाज आला, की गुहेचं छत हललं. धूम्रकेशाकडं ‘नाही’ला तोड होती, फुशारकीला तोड होती, या वाक्याला तोड नव्हती. त्याच्या डोक्यावरचा धूर भसाभसा निघून गेला. खाली उरला एक टकला, चिडका म्हातारा. भिकबाळी त्यानं मुकाट्यानं तिच्या हातावर ठेवली.

‘आणखी काही हवं?’ तो पुटपुटला.

‘हो. वाट सोडा.’

अबलख जो सुटला, तो राजवाड्याच्या देवडीत येऊनच थांबला. हेमकळेनं धावत जाऊन वास्तुदेवाच्या कानात भिकबाळी अडकवली आणि तशीच दरबारात शिरली. राजा गळ्यापर्यंत काळा पडलेला. दगड काळजाच्या चोहोबाजूंनी चढला होता, काळीज तेवढं आत टुकटुक करत होतं. लेकीला बघून त्याचे ओठ हलले.

‘लेकी, आता काही उपयोग नाही गं.’

सगळ्या दरबारानं डोळे मिटले. बोललाच शेवटी! आता ‘तथास्तु’ येणार आणि काळीज थांबणार.

वास्तुदेवानं तोंड उघडलं. तोंड उघडं ठेवून ऐकलं. वरचे शब्द होते ‘उपयोग नाही’. पण आत, पार आत, बापाचं मन ओरडत होतं, ‘आली! माझी लेक आली!’

वास्तुदेवानं तोंड मिटलं आणि गालात हसला.

शाप तुटला! पण दगड होता तिथंच होता. राजा म्हणाला, ‘आता मी उठतो आणि राज्याला धावत प्रदक्षिणा—’

‘आबासाहेब,’ हेमकळा पायाशी बसली, ‘अंगठा.’

‘काय?’

‘उजव्या पायाचा अंगठा. तेवढा हलवा.’

‘मी राजा आहे, हेमकळे. अंगठा काय हलवू?’

‘राजाचाच अंगठा आहे तो. हलवा.’

राजानं तिच्याकडं बघितलं. ही अर्ध्या चोळीची पोर नव्हे, हे त्याला कळलं. हळूच म्हणाला, ‘अंगठा हलवीन.’

‘तथास्तु,’ वास्तुदेव म्हणाला, तेही मायेनं.

खट्! दगडाला चीर गेली. काळ्या ढलपीतून गुलाबी अंगठा बाहेर आला आणि सगळ्यांदेखत हलला. काय तो जल्लोष! नगारे वाजले, लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, महिने महिने मुकी असलेली माणसं एकदम बोलू लागली. दुसऱ्या दिवशी पाऊल मोकळं झालं, मग पोटरी, मग गुडघा. डोंगरापाशी जाऊन हेमकळेनं दगडी राजपुत्रांनाही हाच मंत्र दिला. सेनापती तेवढा बरेच दिवस वरच होता. त्याला वीतभर खाली येईन असं म्हणायची लाज वाटे. शेवटी भूक लागली तेव्हा म्हणाला. वाड्यात त्या दिवशी पहिल्यांदा मऊसूत वरण शिजलं होतं.

हेमकळेनं पुढं राज्य केलं. कधी चुकली, कधी पहाट हुकली, दुसऱ्या पहाटे हजर झाली. तिला जसं जमलं तसं ऐकणाऱ्याला जमो, सांगणाऱ्याला जमो. आज पाऊलभर जमो, आणि उरलेलं उद्या जमो. तथास्तु!