समुद्र नव्या पाटीवर बघू

डोंगराच्या अलीकडे एक गाव होतं. तिथून समुद्र आठ दिवसांच्या वाटेवर आहे असं सगळे सांगत, आणि सांगणाऱ्यांपैकी कोणीही तिकडे गेलेलं नव्हतं. त्या गावात एक घड्याळजी आपल्या थोरल्या बहिणीबरोबर राहत होता. गोष्ट फार जुनी आहे असं मात्र समजू नका. गोष्टीतल्या गावांतही आता वीज आली आहे, आणि विजेमागोमाग खेळ आले आहेत.

घड्याळजी कामाला पक्का होता आणि त्याच्या कामाची एक पद्धत होती. घड्याळ दुरुस्तीला आलं की तो ते उघडायचा आणि एका कागदावर आतल्या एकेका भागाचं नाव लिहायचा. जो भाग धड असेल त्याच्या नावावर काट मारायचा. काट मारून उरेल तेवढं त्याचं काम. जे धड आहे त्याच्याकडे पुन्हा बघायचं नाही, असा त्याच्या गुरूचा दंडक होता आणि तो त्यानं तीस वर्षं पाळला होता. दुरुस्त झालेलं घड्याळही तो लगेच देत नसे. आठ दिवस भिंतीवर टांगून ते आपल्या लंबकाच्या घड्याळाशी ताडून बघायचा, मगच गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा. लोक घाई करत, चिडत, पण पुढच्या वेळी त्याच्याकडेच येत.

बहिणीला तो आक्का म्हणे. आई गेल्यावर आक्कानंच त्याला वाढवलं होतं. त्याच्यापायी तिचं लग्न राहिलं असं गावात बोलत. ती स्वतः त्यावर कधी बोलली नाही. आता कंबरेच्या दुखण्यानं ती घराबाहेर पडत नसे, आणि तिची एकच हौस उरली होती, एकदा समुद्र बघायचा. आठ दिवसांची वाट तिच्याच्यानं होणार नव्हती. म्हणून दोन वर्षांपूर्वी घड्याळजीनं तिच्यासाठी खेळपाटी आणली.

खेळपाटी म्हणजे हातात धरून खेळायचा कॉम्प्युटर. मध्ये काच, दोन्ही बाजूंना बटणं, आणि पोटात आख्खं यंत्र. खोक्यावर तिचं लांबलचक इंग्रजी नाव छापलेलं होतं, पण तेवढं म्हणायला गावाला फुरसत नव्हती. तिच्यात एक खेळ होता. त्यात एक वाटसरू डोंगरातून निघतो आणि चालत चालत समुद्रापर्यंत जातो. मारामारी नाही, शर्यत नाही, नुसती वाट.

रोज दुकान बंद केलं की उजेड असेपर्यंत दोघं ओट्यावर बसत. बटणं घड्याळजी दाबायचा आणि वाट आक्का सांगायची. डावीकडे वळ, तिकडे धूर दिसतोय, वस्ती असेल. त्या झाडाखाली थांब जरा, दमला असेल तो. वाटेतल्या गावांना तिनं आपल्या मनाची नावं दिली होती. एका खडूस धर्मशाळावाल्याला तर तिनं आपल्या मामाचं नाव दिलं होतं आणि तो दिसला की ती पदर तोंडाशी धरून हसायची. अशी दोन वर्षं ते चालत होते, आणि खरं सांगायचं तर त्या दोन वर्षांत दोघांनाही दुसरं काही नको होतं.

मग आक्काच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. जाताना त्यांनी घड्याळजीला अंगणात बोलावून सगळं स्पष्ट सांगितलं. कडेनं अंधार येतोय, थेंब घातले तर सावकाश येईल, पण येणार. गेलेली नजर परत येत नाही. शेवटी म्हणाले, "काही दाखवायचं असेल, तर लवकर दाखवा."

त्याच आठवड्यात खेळातला वाटसरू शेवटच्या घाटाशी पोचला. घाट उतरला की समुद्र. पण तिथं खेळपाटी तापली. चित्र जागच्या जागी अडकायचं आणि मग एकदम चार पावलं पुढे उडी मारायचं. घड्याळजीला सगळं सोसायचं, अडखळणं सोसायचं नाही. अडखळणारी कुठलीही वस्तू त्याला आजारी वाटायची.

"चालू दे रे," आक्का म्हणाली. "मला दिसतंय."

"असा तुटका तुटका समुद्र बघायचा का? हिच्याहून वेगवान पाटी निघालीय म्हणतात. थांब थोडी. समुद्र नव्या पाटीवर बघू."

आक्कानं पाटी पदरानं पुसून बाजूला ठेवली. या भावापायी ती आयुष्यात बऱ्याच गोष्टींसाठी थांबली होती. ही आणखी एक, एवढंच.

आता नवी पाटी घ्यावी की नाही, हे ठरवायचं होतं. हे काम घड्याळजीनं आपल्या पद्धतीनं करायला घेतलं. बाजाराच्या गावी एक मोठं दुकान होतं, तिथं नमुन्याची पाटी मांडलेली असे. जुनी पाटी पिशवीत घालून तो तिथं गेला. डोळ्याला भिंग लावलं, एका हातात सेकंद मोजायचं घड्याळ घेतलं आणि दोन्ही पाट्या शेजारी ठेवून दिवसभर बसला. कागदावर त्यानं एकेक गोष्ट लिहिली. वेग, नवीचा जास्त. बॅटरी, नवीची दीड तास अधिक. वजन, नवीचं किंचित कमी. तापणं, पंख्याचा आवाज, बटणांचा कडकपणा, सगळं लिहिलं. मग काचेकडे आला. पट्टी लावून पाहिली, उजेड पाहिला, रंग पाहिले. काच तीच होती. तेवढीच मोठी, तेवढीच उजळ. कंपनीनं पोटातलं यंत्र बदललं होतं आणि काच होती तशी ठेवली होती.

घड्याळजीनं 'काच' या शब्दावर काट मारली. जिथं फरक नाही तिथं बघायचं काय, असं त्याला वाटलं, आणि तो पुन्हा वेग मोजायला बसला.

दुकानदार भला माणूस होता. विकणं हा त्याचा धंदा होता, तरी त्यानं विचारलं की जुनी बंद पडलीय का. नाही, म्हणाला घड्याळजी. मग घेताय कुणासाठी? बहिणीसाठी. दुकानदारानं लगेच खोकं पुढे केलं. "मग ही एक दिवस घरी न्या. त्यांच्या हातात देऊन बघा, काय म्हणतात ते."

"तिला त्यातलं काही कळत नाही," घड्याळजी म्हणाला. तो हे प्रेमानंच म्हणाला, पण म्हणाला.

त्या दिवशी ठरलं नाही. पुढच्या खेपेला त्याला नव्या पाटीच्या पंख्यात बारीक घरघर ऐकू आली. दुकानदाराला ती ऐकू येत नव्हती, पण तो बिचारा म्हणाला की दुसरा माल येणार आहे, तो बघा. दुसरा माल यायला महिना लागला. तो आला तेव्हा कोणीतरी सांगितलं की याहूनही चांगली पाटी पुढच्या वर्षी येणार आहे. मग घड्याळजी त्या विचारात पडला. एक कागद भरला, दुसरा भरला. श्रावण गेला, भाद्रपद गेला. संध्याकाळी ओट्यावर तो कागद घेऊन बसायचा आणि आक्का जुनी पाटी मांडीवर घेऊन बसायची. खेळ पुढे न्यायचा नाही असं ठरलेलं, म्हणून ती घाटावर थांबलेल्या वाटसरूकडे नुसती बघायची. आधी हातभर अंतरावरून, मग वीतभर, मग काच नाकाला लागेल इतकी जवळ धरून.

"आज समुद्र?" ती रोज विचारायची.

"थोडं थांब. आता जवळजवळ ठरलंच आहे."

एकदा तिनं कपाशेजारी चहा ओतला. घड्याळजीनं फडकं आणून पुसला आणि परत येऊन बॅटरीचा हिशेब पुढे चालू केला. घड्याळाचा काटा केसाएवढा मागे पडला तर जो माणूस दारातून ओळखायचा, त्याला हे दिसलं नाही. त्याचं सगळं लक्ष आक्काला द्यायच्या वस्तूवर होतं.

शेवटी आश्विनात पाटी घरी आली. पंखा शांत, वेग चोख. वाटसरू जुन्या पाटीतून नव्या पाटीत जसाच्या तसा उतरवून घेतला. आक्का ओट्यावर येऊन बसली. पण घड्याळजीनं नवी पाटी दुकानात नेली आणि भिंतीवर, लंबकाच्या घड्याळाशेजारी टांगली. आठ दिवस चालवून बघायची होती. आपल्या माणसाला दिलेली वस्तू पहिल्याच दिवशी बिघडली तर काय तोंड दाखवायचं? पाचव्या दिवसापासून आक्कानं "आज समुद्र?" विचारणं सोडून दिलं. तो मनात म्हणाला, समजूतदार आहे, धीर धरून आहे.

आठव्या दिवशी दुपारीच दुकान बंद करून तो घरी आला. पाटी तिच्या हातात दिली, बटणांवर आपली बोटं ठेवली आणि वाटसरूला घाटातून खाली नेलं. चित्र एकदाही अडखळलं नाही. वळण संपलं आणि समोर समुद्र आला. लाटांचा आवाज खोलीभर झाला. घड्याळजीचा ऊर भरून आला आणि त्यानं आक्काकडे पाहिलं.

ती दाराकडे तोंड करून बसली होती.

"लावलीस का रे?" तिनं विचारलं. "आवाज तर येतोय."

काय झालं ते घड्याळजीला कळलं. तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला. कधी, एवढंच त्यानं विचारलं. ती म्हणाली, परवापर्यंत मध्ये थोडा ठिपका होता. रुपयाएवढा. काल तोही गेला. तुला का नाही सांगितलं? तर तू आठ दिवस मोजत होतास, मधे काय बोलायचं.

मग ती पाटीवरून हात फिरवत म्हणाली, "काय नवं आहे हिच्यात, सांग तरी."

त्यानं सांगितलं. वेग, बॅटरी, वजन. बोलताना आपलाच आवाज त्याला परका वाटत होता. आक्का अंगठ्यानं काचेची एक कड चाचपत दुसऱ्या कडेपर्यंत गेली. मग तिनं जुनी पाटी मागून घेतली आणि तिचीही काच तशीच चाचपली. दोनदा चाचपली.

"काच तर तेवढीच आहे."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"हो," घड्याळजी म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांपुढे तो कागद आला, काट मारलेला तो शब्द आला.

"मला फक्त काचच लागत होती रे," आक्का म्हणाली. "एकदा विचारायचंस."

ती रागानं बोलली नाही. रागानं बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. थोड्या वेळानं तिनं म्हटलं की समुद्र कसा आहे ते तूच सांग आता, दोन वर्षं मी सांगत आले. घड्याळजीनं काचेकडे पाहिलं. निळा आहे, तो म्हणाला. आणि? मोठा आहे. आणि? त्याला आणखी काही सुचेना. आयुष्यभर त्यानं वस्तू मोजल्या होत्या, कुणाला सांगण्यासाठी कधी पाहिल्या नव्हत्या. आक्कानं पाटी त्याच्या हातात दिली आणि भिंत धरून आत गेली.

दुसऱ्या दिवशी त्यानं जुनी पाटी लावली. का लावली, ते त्यालाही सांगता आलं नसतं. वाटसरू तिच्यात अजून घाटावरच उभा होता. सवयीनं घड्याळ हातात घेऊन त्यानं त्याला पुढे नेलं. चित्र अडकलं, उडालं, पुन्हा अडकलं, आणि वळण संपताच सरळ झालं. समोर समुद्र आला, अगदी धड, कालच्यासारखाच. लाटा वाजल्या.

आतून आक्काचा आवाज आला. "ही जुनी ना? हिचा आवाज जाडा आहे."

"हो."

"किती वेळ अडखळली?"

घड्याळजीनं हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. खोटं सांगावं असं त्याच्या मनात आलं, पण मोजलेला आकडा बदलायची त्याला सवय नव्हती.

"अकरा सेकंद."

आतली खाट करकरली. मग ती म्हणाली, "बरं."

पुढेही घड्याळजी दुकान चालवत राहिला. दोन्ही पाट्या कपाटात एकावर एक ठेवलेल्या असत. कोणी गिऱ्हाईक येऊन विचारी की हे जुनं ठेवू की नवं घेऊ, नव्यात काय काय जास्त आहे. पूर्वी तो यावर कागद पुढे ओढायचा. आता तो कागद बाजूला सारून विचारी, हे वापरणार कोण? त्या माणसाला काय लागतं, ते विचारलंत का? लोकांना वाटे, म्हातारा झाला, पूर्वीसारखं नीट सांगत नाही. ते दुसरीकडे विचारायला जात.

गोष्टीच्या शेवटी तात्पर्य सांगावं लागतं, म्हणून सांगतो, घड्याळजीला त्याचा उपयोग झाला नाही तरी. तात्पर्य: दोन वस्तू शेजारी ठेवून कोणती सरस ते कळतं, घ्यावी की नाही ते कळत नाही, त्यासाठी जिच्याकरता घ्यायची तिच्याकडे बघावं, आणि तिच्याजवळ किती दिवस आहेत तेही बघावं.