हात वर करण्याची खूण

फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या एका गावात एकदा एक वृद्ध डॉक्टर होते. पेठेतल्या संघाचे दुखणे-खुपणे त्यांनी आयुष्यभर पाहिले. उतारवयात गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा संघाने त्यांच्या हाताखाली एक तरुण डॉक्टर दिला. मुलगा हुशार होता, हाताला गुण होता, आणि पुढच्या हंगामात वृद्धांची जागा आपल्याला मिळावी ही इच्छा तो फारशी लपवतही नसे.

आता हे सांगितलेच पाहिजे की या संघाला लोळण घेण्याची कला उत्तम अवगत होती. एका गोलाची आघाडी मिळाली की शेवटी शेवटी कोणीतरी पाय धरून असा विव्हळत पडे की नवख्या प्रेक्षकाचे डोळे भरून यावेत. तेवढा वेळ निघून जाई, समोरच्यांचा जोर ओसरे, आणि मग तोच जखमी वीर टणाटण पळू लागे. साऱ्या गावाला हे ठाऊक होते.

तरुणाला नवल वाटे ते वृद्धांचे. पंचाने बोलावले रे बोलावले, की ते पेटी छातीशी धरून लंगडत लंगडत धावत सुटत. गॅलरीत हशा पिके. त्याहून वाईट पुढेच. तपासून झाले की ते उठत आणि पंचाला खणखणीत आवाजात सांगत, काही झालेले नाही, उठवा याला. म्हणजे आधी स्वतःचे हसे करून घ्यायचे आणि मग आपल्याच खेळाडूला तोंडघशी पाडायचे. प्रशिक्षक दातओठ खात. म्हाताऱ्याला घरी बसवा, असे संघात उघड बोलले जाई.

तरुणाने एकदा विचारलेही. सोंग आहे हे लख्ख दिसत असताना धावायचे कशाला? वृद्ध एवढेच म्हणाले की तिथे पोचेपर्यंत मला काही दिसत नाही. तरुणाला हा म्हातारपणाचा हट्ट वाटला.

त्याने आपली वेगळी सोय काढली. संघाचा आघाडीचा खेळाडू शिवतेज त्याचा जिवलग दोस्त झाला होता. विधवा आईचा एकुलता एक, चपळ आणि तितकाच नाटकी. दोघांनी ठरवले की खरेच लागले असेल तर शिवतेजने पडल्या पडल्या हात वर करायचा. हात वर नसेल तर सोंग समजायचे, आणि डॉक्टरने सावकाश चालत यायचे, म्हणजे आणखी थोडा वेळ जाईल. वृद्धांच्या गुडघ्यांमुळे आता मैदानात बहुधा तरुणच जाई, आणि व्यवस्था झकास चालली. शिवतेज डोळा मारी, हा गंभीर चेहऱ्याने त्याच्या धडधाकट पायाला पट्टी गुंडाळी. प्रशिक्षक खूश होते. वृद्धांची जागा त्याला मिळणार हे ठरल्यात जमा होते.

अंतिम सामन्यात आघाडी एका गोलाची होती आणि वेळ थोडा उरला होता. उंच आलेल्या चेंडूसाठी शिवतेज आणि समोरचा गोलरक्षक एकाच वेळी उडाले. शिवतेजचे डोके गोलरक्षकाच्या गुडघ्यावर आदळले आणि तो खाली कोसळला. पंचाने बोलावले. तरुणाने पाहिले, हात वर नव्हता. तो चालू लागला. वाटेत थांबून त्याने पेटीचा पट्टाही नीट केला.

अर्ध्या वाटेवर त्याच्या शेजारून कोणीतरी धापा टाकत पुढे गेले. तो पोचला तेव्हा वृद्धांनी शिवतेजला वळवून त्याचा जबडा पुढे ओढून धरला होता. जीभ मागे पडून श्वास कोंडला होता आणि ओठ निळे झाले होते.

जीव वाचला. पण शिवतेजने डोळे उघडले तेव्हा उजवे अंग हलेना आणि आईला त्याने ओळखले नाही. यात डोक्याच्या माराचा भाग किती आणि कोंडलेल्या श्वासाचा किती, हे रुग्णालयात कोणीच सांगू शकले नाही. कधीच सांगता येणार नव्हते.

बाहेरच्या बाकावर तरुण वृद्धांना म्हणाला, "सर, आमची खूण ठरली होती. त्यानं हात वर केला नाही."

वृद्ध रागावले नाहीत. रागावले असते तर त्याला बरे वाटले असते.

"खूण चांगली होती," ते म्हणाले. "फक्त ती करायला माणूस शुद्धीवर लागतो. अरे, खोटं पडणं हा त्यांचा खेळ. आपण जाऊन तपासायचं आणि खरं काय ते सांगायचं, मग शिव्या पडोत. पण पोचेपर्यंत प्रत्येक जण खराच पडलेला असतो. तू लांबूनच तपासणी उरकलीस. डॉक्टरनं पेशंटच्या बाजूचं व्हावं, त्याच्या डावातलं होऊ नये."

तेवढ्यात शिवतेजची आई बाहेर आली. तरुणाला पाहताच तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"तुमचं लई नाव घ्यायचा बघा," ती म्हणाली. "म्हातारा डॉक्टर परका वाटतो म्हणायचा. ह्यो आपल्यातला हाय."

तरुणाची मान वर होईना. परका हा शब्द वृद्धांनी इतकी वर्षे शांतपणे का सोसला, ते त्याला त्या क्षणी कळले.

"मावशी," तो कसाबसा म्हणाला, "मी त्याच्याकडं चालत गेलो."

तिला त्यात काहीच वावगे वाटले नाही. "चालत का हुईना, गेलासा की," ती म्हणाली आणि त्याचा हात थोपटू लागली.

वृद्धांनी बाकावर सरकून जागा केली. तरुणाने तिला शेजारी बसवले आणि चालत जाणे म्हणजे काय, हे तो तिला पहिल्यापासून सांगू लागला.